सोलापुरात नोकरीसाठी येताय? भाडं नंतर, आधी पाणी विचारा

नऊ वर्षांपूर्वी सांगलीहून बदली होऊन मी सोलापुरात आलो, तेव्हा घर बघताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होतो : भाडं किती? कृष्णाकाठी वाढलेला माणूस. घर बघताना पाणी विचारायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. विजापूर रोडच्या आतल्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या स्वस्तात मिळाल्या, लगेच ॲडव्हान्स देऊन टाकला. चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला खालच्या अंगणात भांड्यांचा आवाज सुरू झाला, तेव्हा कळलं की पाणी फक्त खालच्या नळाला येतं आणि वर ते हातानं न्यायचं. बायको, मी आणि चौदा बादल्या. पाच महिन्यांत ते घर सोडलं. टँकरची वर्गणी, पिण्याच्या पाण्याचे जार आणि दुसऱ्यांदा सामान हलवण्याचा खर्च धरला, तर जे महाग म्हणून नाकारलं होतं तेच घर स्वस्त पडलं असतं.

तेव्हापासून ऑफिसात कुणी नवीन आलं की मी त्याच्याबरोबर घर बघायला जातो. तिथे जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी आठ-दहा दिवसांची सोय

गावाहून फोनवर घर ठरवू नका. रुजू होताना स्टेशन किंवा एसटी स्टँडच्या परिसरात साध्या लॉजवर, नाहीतर एखाद्या पेइंग गेस्टच्या खोलीत आठ-दहा दिवस काढा. इथे नळाला पाणी रोज येत नाही, पण तेवढ्यात एक पाण्याचा दिवस आणि एक रविवार नक्की तुमच्या वाट्याला येतो, आणि घर पारखायला दोन्ही लागतात. जेवणासाठी ऑफिसजवळची खानावळ धरा. घराची निम्मी माहिती तिथेच मिळते, कारण तिथे जेवणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच बाहेरून आलेले असतात आणि त्यांनी नुकतीच घरं बघितलेली असतात.

नकाशा ऑफिसपासून काढा

सोलापूर फार मोठं शहर नाही, पण पसरट आहे, आणि मधून रेल्वे गेली आहे. सिटी बसवर विसंबून रोजची नोकरी होत नाही. शेअर रिक्षा मुख्य रस्त्यांवर मिळते, आतल्या गल्ल्यांत नाही. म्हणजे दुचाकी आलीच. म्हणून आधी कामाची जागा पक्की करा आणि तिथून बाहेरच्या बाजूला घर शोधत जा.

चिंचोळी एमआयडीसी किंवा केगावच्या विद्यापीठात काम असेल तर पुणे रस्त्याची बाजू बघा : बाळे, केगाव, दमाणी नगर, देगाव. बाळ्यात खंडोबाचं देऊळ आहे. मार्गशीर्षात तिथे यात्रा भरते, त्या दिवसांतल्या रविवारी रस्त्याला गर्दी असते, एरवी भाग शांत आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम असेल तर पूर्व भाग जवळ पडतो. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, दाजी पेठ, पुढे कुंभारीकडे विडी घरकुल. हा पद्मशाली विणकरांचा भाग. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि माणसं मनमोकळी. इथे भाडं कमी असतं, पण घर बघताना कान उघडे ठेवा. अजूनही कितीतरी घरांच्या तळमजल्यावर यंत्रमाग आहेत. शेजारी माग चालू असला की भिंतीला हात लावला तरी थरथर जाणवते, आणि काही माग रात्रपाळीलाही चालतात. माग बंद असेल त्या वेळी घर बघितलंत तर फसाल. कामाच्या दिवशी, रात्री नऊनंतर पुन्हा एक चक्कर मारा. लहान बाळ असेल, नाहीतर रात्रपाळी करून दिवसा झोपायचं असेल, तर हे नक्कीच करा.

सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, कलेक्टर ऑफिस, बँकांच्या मुख्य शाखा यांच्यासाठी सात रस्ता, रेल्वे लाईन्स, मोदी, लष्कर, डफरीन चौकाचा परिसर सोयीचा. भाडं जास्त, घरं जुनी, पण सगळं पायी. एनटीपीसीच्या वीज प्रकल्पावर जाणारे होटगी रोड आणि आसरा चौक धरतात. नोकरदार कुटुंबांचा मोठा ओढा आहे तो विजापूर रोड आणि जुळे सोलापूरकडे. सैफुल, नेहरूनगरपर्यंत वस्ती गेली आहे, शाळा आणि दवाखाने आहेत, फ्लॅटही भरपूर. मात्र तुमचं ऑफिस रुळांच्या पलीकडे असेल तर रोज कुठला पूल ओलांडावा लागेल ते पाहा. आसरा पुलावर ऑफिसच्या वेळी काय होतं ते सकाळी साडेनऊला स्वतः जाऊन बघा. रेल्वेच्या जुन्या पुलांची कामं निघाली की वळसा पडतो, तेव्हा सध्या कुठला पूल बंद आहे हेही विचारून घ्या.

१९९२ मध्ये शहराची हद्द वाढली आणि भोवतीची गावं महापालिकेत आली. त्या सगळ्या पट्ट्याला लोक आजही 'हद्दवाढ भाग' म्हणतात. स्वस्त घरं बहुतेक इथेच सापडतात. इथली जमीन काळी. उन्हाळ्यात बघितलेला छान कच्चा रस्ता जुलैत गाडीच्या चाकाला चिकटून मडगार्डपर्यंत येतो. ड्रेनेज लाइन आली आहे की शोषखड्डा आहे, रस्त्यावर दिवे आहेत का, हे शेजाऱ्याला विचारा. घरमालक सगळंच 'होणार आहे' म्हणतो.

लांबच्या स्वस्त घराचा हिशेब कागदावर मांडा. समजा घरापासून चिंचोळीची कंपनी अठरा किलोमीटर. जाऊन-येऊन ३६, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ९३६ किलोमीटर. गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर जवळजवळ २१ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर २२०० रुपयांच्या आसपास. जवळचं घर दीड हजारानं महाग असलं तरी ते घ्या. रोजचा तासभर तुमचाच उरतो.

पाणी

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे.

सोलापूरला मुख्य पाणी येतं भीमेवरच्या उजनी धरणातून. शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी, मग पाकणीचं शुद्धीकरण केंद्र. भीमेवरच्याच टाकळीहून दुसरं पाणी सोरेगावला येतं, तिसरं हिप्परग्याच्या तलावातून. इतक्या लांबून पाणी उपसून आणायचं म्हणजे पंपाची वीज गेली, पाइप फुटला, की आख्ख्या शहराचं वेळापत्रक पुढे सरकतं. त्यामुळे इथे वर्षानुवर्षं पाणी रोज येत नाही. भाग आणि मोसम बघून तीन, चार, कधी पाच दिवसांआड येतं, तेही ठरावीक तास. उजनीहूनच टाकलेल्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीबद्दल तुम्ही ऐकाल. तिचा फरक आपल्या नळाला पडला का, हे त्या गल्लीतल्या बाईलाच माहीत असतं, तिलाच विचारा.

घर बघायला गेलात की बोलणं साधारण असं होतं.

"काकू, कॉर्पोरेशनचं पाणी किती दिवसांआड येतं?"

"चार दिवसांआड येतंय की. आन् बोअर हाय, काळजी नको."

इथे थांबू नका. पुढचे प्रश्न हे : पाणी किती वाजता सुटतं आणि किती वेळ राहतं? थेट टाकीत चढतं की हौदात पडून मोटर लावावी लागते? हौद किती लिटरचा आणि किती कुटुंबांत? मोटरचं लाईट बिल कुणाच्या मीटरवर? वर माझी टाकी वेगळी की सगळ्यांची एकच? एकच टाकी असेल तर वरच्या मजल्यावरचं कुटुंब जेवढं वापरेल त्यावर तुमची आंघोळ अवलंबून. मग बोअर. तो एप्रिल-मेमध्ये चालतो का? गेल्या उन्हाळ्यात टँकर मागवला होता का, किती वेळा, आणि पैसे कसे वाटून घेतले? बोअर आहे असं सगळेच सांगतात. मे महिन्यात तो अर्धा तास चालून हवा ओकतो की नाही, हे महत्त्वाचं.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते ओळखायला यंत्र लागत नाही. बाथरूममध्ये जा, नळाच्या बुडाशी आणि बादलीच्या काठाला पांढरा थर चढलाय का बघा. परवानगी घेऊन हाताला साबण लावा. फेस होत नसेल आणि हात चिकट वाटत असतील तर डाळ शिजायला वेळ लागणार, गिझरची कॉइल लवकर जाणार, केस राठ होणार, आणि पिण्यासाठी जार किंवा फिल्टरचा खर्च येणार. तरीही घर आवडलं तर घ्या, पण तो खर्च भाड्यात मिळवून मगच दुसऱ्या घराशी तुलना करा.

शक्य असेल तर पाण्याच्या दिवशी, पाण्याच्या वेळी जा. आधी नळ फुसफुसतो, मग थोडं गढूळ येतं, ते सोडून द्यावं लागतं, मग धार लागते. धारेचा जोर किती, पहिल्या मजल्यावर चढतं का, गल्लीतल्या बायका निवांत आहेत की घाईत, हे सगळं पाच मिनिटांत दिसतं. मला विचाराल तर घर पसंत करायची खरी वेळ हीच.

दोघंही नोकरी करत असाल तर आणखी एक. पाणी दुपारी दोनला येत असेल आणि घरात कुणी नसेल, तर हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारी तोटी, हवाच, नाहीतर तुमच्या वाटणीचं पाणी रस्त्यावरून वाहून जाईल.

ऊन

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ पर्यंत जातो. सगळ्यात वरचा मजला नेहमी स्वस्त सांगतात, त्याचं कारण गच्चीचा स्लॅब. असं घर संध्याकाळी सातला बघा, सकाळी नको. पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकवा. सूर्य मावळून अर्धा तास झाला तरी भिंत तव्यासारखी असेल, तर त्या खोलीत रात्री बारापर्यंत झोप येणार नाही. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुना मारलाय का, घरमालक मारून देईल का, हे आधी ठरवा. पत्र्याच्या खोलीत लहान मुलांना घेऊन उन्हाळा काढू नका, भाडं कितीही कमी असो. माझ्या एका सहकाऱ्याच्या सात महिन्यांच्या मुलीला पत्र्याखाली उष्णतेचा त्रास होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही.

इथली हवा कोरडी, त्यामुळे कूलर चांगला चालतो. पण कूलरला खिडकी लागते, आणि पाणी लागतं. म्हणजे पुन्हा वरचाच प्रश्न.

शोधायचं कुठे

ॲपवर जुळे सोलापूर आणि होटगी रोडचे फ्लॅट दिसतील. पेठांमधली आणि हद्दवाढ भागातली परवडणारी घरं तिथे क्वचितच येतात. ती सापडतात गेटवर खडूनं लिहिलेल्या 'रूम भाड्याने देणे आहे' या पाटीवर. पसंत पडलेल्या भागात संध्याकाळी गाडी लावून चालत फिरा. किराणावाला, इस्त्रीवाला, दूधवाला, पिठाची गिरणी या चार ठिकाणी विचारा. ऑफिसातल्या शिपायाला आवर्जून विचारा. दैनिकांच्या छोट्या जाहिराती अजून चालतात. एप्रिल-मेमध्ये शाळा संपल्या की घरं रिकामी होतात, तेव्हा निवड जास्त. जून-जुलैत कॉलेजची मुलं येतात, तेव्हा केगाव आणि अशोक चौकाकडे खोल्या पटापट जातात.

एजंट धरलात तर दलाली किती, एका महिन्याचं भाडं की अर्धं, हे पहिल्या घराला जाण्याआधी बोलून घ्या. नुसतं घर दाखवायचे पैसे देऊ नका.

आणि एक फसवणूक सगळीकडे चालते, इथेही. सुंदर फ्लॅटचे फोटो, भाडं निम्मं, फोनवरचा माणूस म्हणतो मी लष्करात आहे, बाहेरगावी पोस्टिंग आहे, घर बघायला गेट पास लागेल, त्यासाठी टोकन पाठवा, परत मिळेल. घराचं कुलूप उघडून आत उभं राहिल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

घरमालकाशी बोलणी

बॅचलर असाल तर बरेच दरवाजे बंद मिळतील. कंपनीचं ओळखपत्र, आई-वडिलांचा फोन नंबर आणि एखाद्या स्थानिक सहकाऱ्याची ओळख बरोबर असली तर निम्मे उघडतात. सहकाऱ्यालाच बरोबर न्या, तो 'आमचाच माणूस आहे' म्हणाला की सूर बदलतो.

आडनाव विचारून, 'काय खाता' विचारून, मग 'आत्ताच दिलं बघा' म्हणणारेही भेटतात. हे मला फार लागतं. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, जिथे १९३१ साली धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन असे चौघे एकाच स्वातंत्र्यलढ्यासाठी फासावर गेले, तिथे हे व्हायला नको. तरी नवीन माणसाला माझा सल्ला हाच की खाणंपिणं लपवून घर घेऊ नका. रोज दबून राहावं लागतं. मोकळेपणानं सांगा, आणि नकार आला तर पुढची पाटी बघा. माणूस बघून घर देणारेही इथे खूप आहेत.

भाडं कमी करायचं तर नुसतं 'कमी करा' म्हणून होत नाही. मी दोन वर्षं राहीन, भाडं पाच तारखेच्या आत देईन, रंग मी लावून घेतो, असं काहीतरी पुढे ठेवा. डिपॉझिट कमी करून घेणं भाडं कमी करण्यापेक्षा सोपं जातं, आणि नवीन माणसाला पहिल्या महिन्यात तीच जास्त मदत असते.

लाईट बिलाचं आधीच स्पष्ट करा. स्वतंत्र मीटर सगळ्यात बरं. एकाच मीटरवर दोन कुटुंबं असली की युनिटची बेरीज वाढते, १०० आणि ३०० युनिटच्या पुढे दर चढतो, आणि कमी वापरणाऱ्यालाही चढा दर बसतो. गेल्या मे महिन्याचं बिल दाखवायला सांगा.

करार

'आमच्याकडे करार-बिरार काही नसतं, विश्वासावर चालतं' हे वाक्य तुम्ही ऐकाल. विश्वास असू द्या, करारही असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. नोंदणी न केल्यास मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे घरमालकाला धमकी म्हणून नाही, समजावून सांगा. पुष्कळांना खरंच माहीत नसतं, आणि त्यात त्यांचंही संरक्षण आहे.

खर्चाची भीती वाटते तेवढा तो नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा भाडं ७,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट २०,०००. भाड्याचे ७७,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांच्या हिशेबानं ११ महिन्यांचे १,८३३ धरले की मुद्रांक होतो २०० रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी जातं ते करून देणाऱ्याचं मानधन. हे सगळं आता ऑनलाइन होतं. आधार आणि अंगठ्याच्या यंत्रावर दोघांचे ठसे घेतात, दोन साक्षीदार लागतात. खर्च निम्मा-निम्मा करा.

करारात मला चार गोष्टी लिहिलेल्या हव्या असतात : घर सोडायची सूचना किती दिवस आधी, डिपॉझिट किती दिवसांत परत, त्यातून रंगाचे पैसे कापणार का आणि किती, आणि टँकरचा खर्च कुणाचा. माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी रंगाचं काहीच लिहिलेलं नव्हतं. सोडताना निम्मं डिपॉझिट रंगात गेलं, आणि भिंतीवरचा ओलीचा जो डाग माझ्या माथी मारला, तो मी यायच्या आधीपासून होता. दाखवायला माझ्याकडे फोटो नव्हता. म्हणून किल्ली हातात आली की सामान आणण्याआधी सगळ्या खोल्यांचा, डागांचा, नळांचा, पंख्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. भाडं रोख देऊ नका, यूपीआयनं द्या.

भाडेकरूची माहिती त्या भागातल्या पोलिस ठाण्यात द्यावी लागते, ऑनलाइनही देता येते. पोच जपून ठेवा. जुन्या करप्रणालीत घरभाडं दाखवून कर वाचवणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल, तर मालकाचा पॅन नंबर लागतो. तो कराराच्या वेळीच मागा, मार्चमध्ये मागितला की टाळाटाळ होते.

राहायला गेल्यावर

दोन खोल्यांच्या सामानाला छोटा हत्ती पुरतो. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक निघते त्या दिवसांत जुन्या गावातून आणि होम मैदानाकडून टेम्पो नेऊ नका, रस्ते बंद असतात. यात्रा बघायला मात्र जरूर जा.

पहिल्या दिवशी भांड्यांचे खोके नंतर उघडा. आधी दोनशे लिटरचं झाकणाचं पिंप आणि दोन मोठ्या कळशा आणा. साठवलेलं पाणी झाकूनच ठेवा, आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करा. उघड्या साठ्यात डेंग्यूचे डास होतात. मग शेजारच्या घरी जाऊन ओळख करून घ्या आणि दोन गोष्टी विचारून दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून लावा : आपल्या गल्लीचा पाण्याचा वार कसा मोजतात, आणि पाणी सोडायला चावी फिरवणारा चावीवाला किती वाजता येतो. शक्य झालं तर शेजारणीला म्हणा, "मावशी, पाणी सुटलं की पहिले दोन-तीन वेळा दार वाजवाल का?" आमच्या मावशी अजून वाजवतात.